पापुद्रा

मार्चचा दुसरा आठवडा. कारागांदातला बर्फ अजून गेलेला नाही.
वर पांढरा, त्याखाली काळा, त्याखाली पुन्हा पांढरा:
कुठल्या दिवशी वारा खाणीकडून आला
ते बर्फ कापून सांगता येतं.

नौरीझचा सण आठ दिवसांवर. घरोघरी खिडक्या पुसणं चाललंय
आणि माझा फोन खणखणतोय.
फानिस, मूठ फिरत नाही. फानिस, फटीतून वारा येतो.
फानिस, चौकट काळवंडली, तू खोटं प्लास्टिक बसवलंस.
खोटं नाही हो बाई. तुम्ही ती भांड्यांच्या पावडरीनं घासलीत.
ओरखड्यात काजळी ठाण मांडते,
भाडंसुद्धा देत नाही.

पाचव्या मजल्यावर कुल्याश आपा.
दाराशी बूट काढले. तिने पुढे सरकवल्या
कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या सपाता.
इथल्या खिडक्या मीच बसवलेल्या, सहा वर्षांमागे,
येरसायिनने कोरियातून पाठवलेल्या पहिल्या पैशांतून.
वर पाहिलं, आणि हातातली पेटी खाली ठेवली.

चौकटींवर अजून फिल्म.
कंपनीचं निळं नाव, पुन्हा पुन्हा, चारही बाजूंनी,
उन्हाने विटलेलं, कडांना उंदराने खाल्ल्यासारखं.

दहा दिवसांत काढ म्हणालो होतो ना, आपा?
म्हणाली, म्हणाला होतास.
तो येऊन बघेल तेव्हा नव्या दिसाव्यात, म्हणून.

ऊन त्या पापुद्र्याला रोज थोडं थोडं शिजवतं.
महिन्याभरात केळ्याच्या सालीसारखा सुटतो,
वर्षाने, तुकड्यातुकड्यांनी.
सहा वर्षांनी कुठे पापुद्रा संपतो
आणि कुठे चौकट सुरू होते
हे मलाही नखाने चाचपावं लागतं.

कोमट पाणी. साबणाचे दोन थेंब. केस वाळवायचं यंत्र, मंद.
कोपरा उचलायचा, बोटभर सुटतो, तुटतो.
पुन्हा.
सुरी नको, आपा. ॲसिटोन तर नकोच, तकाकी खातं.
ती स्टुलावर, मी जमिनीवर,
दोघांच्या नखांत निळी अक्षरं.
जिथे सुटलं तिथे प्लास्टिक दुधासारखं,
शेजारच्या भिंतीपेक्षा सहा वर्षांनी लहान.

खालच्या खाचेतली भोकं दाखवली.
ही कशाला? मला वाटलं, तुझी चूक.
पाणी बाहेर जायला, आपा.
काडीने उकरलं: कोळशाची चिकट भुकटी,
आणि एक गांधीलमाशी, पंख शाबूत,
कुठल्याशा उन्हाळ्याची.
आपाने ती तळहातावर घेतली, फुंकली नाही,
जिरेनियमच्या कुंडीत ठेवली.

रबराला सिलिकॉन लावलं, बोटाच्या टोकाने,
थंडीत फुटलेल्या ओठांना लावतात तसं.
मग कडेची खुंटी पाहिली. वरचा ठिपका खोलीकडे वळलेला.
म्हणजे हिवाळा.
सहाही वर्षं हिवाळाच ठेवलास?
उन्हाळ्यात सैल सोडायचं असतं. रबर चेंगरून मरतं.
मला वाटलं, आपा म्हणाली, घट्ट असलेलं बरं.

किल्ली तिच्या हातात दिली.
मे महिन्यात, अर्धा फेरा, बाहेरच्या बाजूला. विसरू नको.
तिने ती साखरेच्या डब्यात टाकली.
मग मूठ फिरवली, खिडकी उघडली, मिटली, उघडली.
आवाज कुठे गेला?
गेला, आपा.
ती थोडा वेळ तशीच उभी. गार हवा आत येत होती
आणि तिच्यासोबत खाणीचा वास.

स्वयंपाकघरातली खिडकी राहिली होती.
ती राहू दे, म्हणाली. तिच्याकडे कोण बघतंय.
राहू दिली.
पैसे मोजले, त्यावर बाउरसाकांची गरम पुडी.

दाराशी सपाता काढून जोडीने ठेवल्या.
टाचेला टोचणारी किमतीची चिठ्ठी
मी मघाशीच तोडून खिशात घातली होती.
तिला सांगितलं नाही.