दाखवायचा कॅमेरा

चौथा गुरुवार.
रुवीच्या बाजारात सोनारांची रांग संपते
आणि अत्तरवाल्यांची सुरू व्हायच्या आत
डाव्या हाताला शिजूचं दुकान.
मला बघितलं की तो न विचारता
दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवतो,
एकाच्या पट्ट्यावर लाल अक्षरं, दुसऱ्याच्या पिवळी,
आणि बघण्याच्या कार्यक्रमातल्या मामासारखा
थोडा बाजूला सरकून उभा राहतो.

लालवाला हातात भरतो.
पिवळ्याची मूठ आखूड, करंगळी खाली लोंबते,
पण अंधारात म्हणे त्याला जास्त दिसतं.
मेगापिक्सेल मी आता विचारत नाही.
पहिल्या गुरुवारी विचारले होते.
शिजू म्हणाला, भाऊ, भिंतभर फोटो लावायचा असेल
तर त्याची चौकशी.
तुझी भिंत केवढी?

माझी भिंत पलंगाएवढी.
तिच्यावर आधीच एक कॅलेंडर आणि नाझीमचा टॉवेल.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
दारं उघडायची, मिटायची,
फटीतून किती उजेड येतो ते बघायचं.
त्यामुळे शटर मला लगेच कळलं.
ॲपर्चरला दोन गुरुवार लागले:
आकडा वाढला की भोक लहान.
नोकरीची वर्षं वाढतात
तशी घरी राहण्याची रजा.

लेन्ससकट एकशे एकोणचाळीस रियाल, नऊशे बैसा.
एवढ्यात इचलकरंजीच्या घराला जिना होतो,
कठड्यासह.
नाझीम परकार म्हणतो, काढणार काय तू? डोंगर?
ते कुठं पळून चाललेत?
रेवती फोनवर एवढंच म्हणाली,
घ्या. पण जो काढतो तो फोटोत नसतो,
ध्यानात ठेवा.

आज शिजूला दुसरं गिऱ्हाईक लागलं.
मी लालवाल्याचं त्रिकोणी बटण दाबलं,
सहज.

दुकानाचं छत.
पंखा.
शिजूचा कान.
शिजू, डोक्यावर केस जास्त असतानाचा.
एक पोरगा, सगळे दात दाखवत,
फोकस मागच्या टॅक्सीवर, म्हणून धूसर.
दिशदाशा घातलेले आजोबा, कपाळापासून वर कापलेले,
नातवाने काढले असणार.
काचेवर टेकलेला एक जाड अंगठा.
पुन्हा छत.
ज्यांनी ज्यांनी उचलला
आणि जपून परत ठेवला,
त्यांचं एकेक.

मग मी.
पाठमोरा, कंपनीच्या निळ्या शर्टात,
किमतीच्या चिठ्ठीवर वाकलेला.
मानेवर ग्रीसचा डाग.
एक पाऊल दुसऱ्यावर ठेवून उभा,
शाळेत फळ्यावरचं गणित अडलं की राहायचो तसा.
मला वाटलं होतं ती सवय गेली.
कुणी काढला? त्या दिवशी शेजारी कोण होतं
आठवत नाही.

घरी पाठवलेल्या फोटोंत मी
कुणाच्या तरी गाडीला टेकून हसत असतो.
सहा वर्षं, सहा गाड्या.
हा हसत नाही.
फोकस मात्र नेमका लागलाय.

हाच दे, म्हणालो.
भाऊ, हा दाखवायचा. आत नवा आहे, सीलबंद.
याचं शटर साडेतीन हजार वेळा पडलंय.
म्हटलं, माझ्या लिफ्टचं दार
तेवढं आठवड्यात पडतं.
तो हसला. एकशे पाच. वॉरंटी नाही.
नको.
सवयीनं त्यानं कार्ड काढायला
खालच्या झाकणात नख घातलं.
राहू दे, म्हणालो, ते राहू दे.

पैसे मोजून झाले तेव्हा म्हणाला,
एक काढून बघ तरी, आता तुझा आहे.
आणि नीट उभा राहण्यासाठी
उरलेल्या केसांवरून हात फिरवू लागला.
हात वरच होता
तेवढ्यात मी बटण दाबलं.