वीस अंश

डेव्हलपरला वीस अंश लागतात.
मे महिन्यात आर्णीकडे सेहेचाळीस.
म्हणून रांजणाचं पाणी, बुडाशी ओली रेती,
आणि लाईन जायची वाट बघणं.
साडेसातला गाव बुडतो,
तेव्हा कोठ्याचं दार लावून
मी बोटांनीच रीळ गुंडाळतो.
म्हैस रवंथ करते, तेवढंच घड्याळ.

बारांतला एक फोटो बयनाबाई आत्रामचा.
तेंदूपानांचे पुडके बांधत होती.
खटका वाजला तशी म्हणाली, "दाखव."
कॅमेऱ्याची पाठ दाखवली. नुसतं काळं चामडं.
"यात तं काईच नाई, बाप्पा."
नाही. अजून नाही.

दोरीवर फिल्म वाळते:
बयनाबाईचे पांढरे केस पुन्हा काळेभोर,
दात मिशरी लावल्यासारखे,
सावली मात्र चुन्याची.

कागदावर ती परत म्हातारी झाली.
आणि डोळे मिटलेले.
ओशाळतच नेऊन दिला.
तिनं तो उन्हात धरला, बोटानं चाचपला.
"लुगडं हिरवं व्हतं."
मग बराच वेळ काही नाही.
"पन उनात मी अशीच रायतो."

दुसरा काढतो म्हणणार होतो.
तिनं फोटो पुडक्यांच्या थप्पीखाली सारला,
कड वळू नये म्हणून.