मागे न बघता

मीच शिकवलं त्यांना मागे न बघायला.
खूण ओलांडली की सुसाट,
हाक आली की हात मागे,
पंजा उघडा, अंगठा खाली,
पडेल ते घट्ट धर आणि सूट.
कोण देतंय, काय देतंय, बघायचं नाही.
बघणाऱ्याचा खांदा वळतो,
खांदा वळला की पाऊल चुकतं,
आणि तेवढ्यात अँटवर्पची पोरं पुढे.

रॉटरडॅमच्या आमच्या मैदानावर वारा थेट समुद्राकडून येतो.
शेवटचं वळण छातीवर घेऊनच काढावं लागतं.
इव्हानिल्डो ते असं काढायचा
जसं कुणी दार लोटून आपल्याच घरात शिरतं.
सतरा वर्षांचा.
केप व्हर्डेहून आलेल्या आजोबांनी याच बंदरात पोती वाहिली,
आई पहाटे चारला बँकेच्या काचा पुसते,
आणि हा, बुटाचा तळ सुटला
की सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून
रात्रभर शब्दकोशाखाली दाबून ठेवायचा.

रोमॅनो आला मार्चमध्ये.
माझाच जुना पोरगा, पहिल्या टप्प्याचा.
क्लबच्या भिंतीवर त्याच्या संघाचा फोटो होता,
चौकट मीच ठोकलेली, जरा तिरकी.
त्याने जाळीभर संत्री आणली, सगळ्यांना सोलून दिली.
मी खूश झाले.
पोरं आठवण ठेवतात, म्हटलं.

"कुंपण चढता येतं ना?
केळ्यांच्या कंटेनरमधून पिशव्या काढायच्या,
पुढच्याच्या हातात द्यायच्या.
रात्रीचे दोन हजार.
रिलेच आहे रे."

हे मी नंतर वाचलं,
फोनमधून काढलेल्या मजकुरात, पान अकरा.
रिलेच आहे रे.

मे महिन्यात त्याच्या घरी वॉशिंग मशीन आलं.
जूनमध्ये चौघांसाठी नवे स्पाइक्स,
निळे, कागदात गुंडाळलेले, कोऱ्या रबराचा वास.
"कुठून रे?"
"मामाने पाठवले, बॉस्टनहून."
डब्यावर इथल्याच दुकानाची चिठ्ठी होती.
मी चिठ्ठी नखाने खरवडून काढली
आणि लेस ओवायला बसले.
आठ बूट. वेळ लागला.

ऑगस्टात, धुक्यात, कुत्री भुंकली
तेव्हा तो तिसऱ्या कंटेनरच्या माथ्यावर होता.
बाकीचे पळाले.
त्याने उडी मारली.
टाचेच्या हाडाचे किती तुकडे, डॉक्टरनी मोजून सांगितले,
मी ऐकले नाहीत.
रोमॅनोचं नाव त्याने घेतलं नाही.
संघातलं संघात ठेवायचं,
हेही आमच्याच मैदानावरचं.

भेटीच्या खोलीत टेबल जमिनीला ठोकलेलं.
आई शेजारी बसलेली, हातांना ब्लीचचा वास,
एक शब्द नाही.
त्याने विचारलं, "चौथ्याला कोण?"
"थाइस."
"त्याला सांगा, वळणावर हनुवटी वर करतो तो.
वारा गिळतो. सांगा."
मी म्हटलं, सांगते.
एवढंच बोललो आम्ही. अर्धा तास होता.

परत आल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढला.
खाली चौकोन उरला,
बाकी भिंतीपेक्षा उजळ, आणि तोही तिरका.

संध्याकाळी सराव. थाइसने हात मागे केला.
"बघ," मी ओरडले.
"काय?"
"बघून घे आधी, काय येतंय हातात."
तो वळला, अडखळला,
बॅटन निसटून लाल ट्रॅकवर टणटणत गेला.
"असं तर आपण हरू," तो म्हणाला,
आणि बॅटन उचलायला वाकला.

बूट पायात तेच होते.
निळे.
मी त्याला हनुवटीचं सांगितलं.
बुटांचं अजून सांगितलेलं नाही.