जूनची एकतीस तारीख

सकाळी सात वाजता, कोणाचंही रक्त येण्याआधी
मी एक बाटली उघडते.
आतली पूड कुणा अनोळखी माणसांच्या रक्ताची,
वाळवलेली, बर्फातून आलेली.
पाच मिली पाणी. वीस मिनिटं.
हलवायचं नाही, नुसतं कलतं करायचं,
फेस येता कामा नये.
हिचं उत्तर सोबतच्या कागदावर छापलेलंच असतं,
तरी यंत्राला रोज विचारायचं,
तुला आज किती दिसतंय?
मग तक्त्यावर एक ठिपका.

डिचोलीच्या बाजारात, छत्रीदुरुस्तीच्या दुकानावर आमची लॅब.
फ्रिजच्या दारावर तापमानाचा कागद,
दर महिन्याला एकतीस ओळी छापलेल्या.
महिनाअखेरीस मी तो एका बैठकीत भरायची.
चार, चार, पाच, चार,
मध्येच एक साडेतीन, खरं वाटावं म्हणून.
दोन पेनं ठेवलेली, निळं नि काळं.
खालून खनिजाचे ट्रक गेले
की सूक्ष्मदर्शकातल्या पेशी थरथरायच्या.
माझा हात नाही.

जुलैत तपासणीला आल्या ओफेलिया कुलासो, मडगावच्या.
भिजलेल्या चपला दाराशी काढल्या,
यंत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही,
त्या कागदापाशी उभ्या राहून
बोट खाली खाली नेलं.
"बाय, जून तिसांचोच न्हय?"

एकतीस जून.
सकाळी चार अंश, संध्याकाळी चार.
खाली माझी सही, वळणदार.

फ्रिजमध्ये हात घातला तर डबे कोमट.
थर्मामीटर मागे पडलेला, त्यात तेरा.
केव्हापासून, ते कोणालाच माहीत नाही.
त्यांनी साखरेचा तक्ता मागितला.
नऊ ठिपके ओळीने, मधल्या रेघेच्या खाली.
सगळे हद्दीत,
पण फेरीबोटीतली सगळी माणसं
एकाच कठड्याला टेकावीत, तसे.
बोट बुडालेली नव्हती.
हे ठिपके खरे होते. मीच काढले होते,
रोज एक, आणि रोज फक्त शेवटचाच पाहिला होता.

एक्केचाळीस फोन केले.
मुळगावची कृष्णी माजीक दुपारच्या बसने आली.
साखर आटोक्यात म्हणून कागद दिला होता आम्ही,
त्या आनंदात तिने आठवडाभर फणसाचे गरे खाल्ले होते.
तोच हात पुढे केला.
"रगत तेंच न्हय गे म्हजें?"
तेंच, मी म्हटलं. चुकलं ते आमचं.
ती भिंतीकडे बघत राहिली, सुई आत जाईपर्यंत.
पैसे घेतले नाहीत. तिने दोनदा विचारलं.

फॉर्मवर एक रकाना होता: मूळ कारण.
मी लिहिलं, मी.
मला वाटलं, एवढा प्रामाणिकपणा पुरे होईल.
बाईंनी फॉर्म परत केला.
"मनीस हें कारण न्हय. परत विचार."
का नाही वाचलं? फ्रिज दारामागे, पुढे खोक्यांची रास.
खोकी तिथे का? कोठारात गळतंय.
गळती का राहिली? मालकांना कोणी सांगितलं नाही.
सांगितलं का नाही?
इथे पेन बराच वेळ थांबलं.
खाली कोणीतरी छत्रीची काडी ठोकत होतं.
सात वर्षं तो कागद मी भरत होते
आणि सात वर्षांत तो कोणी वाचला नव्हता,
मालकांनी नाही, डॉक्टरांनी नाही,
भरणारीनेही नाही.

आता फ्रिज खिडकीशी आहे. कोठार अजून गळतं,
निदान तसं लिहिलेलं आहे.
काल सकाळी नऊ अंश. लाल पेनाने लिहून
मी मालकांना झोपेतून उठवलं.

जुना कागद फाडता येत नाही.
नियम असा, की खोडायचं ते एकाच रेघेने,
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही, आणि खोडलं त्या दिवसाची तारीख.
रेघ मी पट्टी लावून मारली.
फाईल उघडली की अजून दिसते ती,
एकतीस जून,
चार अंश.