सत्तेचाळीस कान

थेसालोनिकीत मी दुसऱ्याच्या बापाला
चमच्याने सूप भरवते.
तो झोपला की फोन साखरेच्या डब्याला टेकवून
जुन्या कॅमेऱ्याने फोनचाच फोटो काढते.

तिकडे चिआतुरात बाबा
व्हिडिओ कॉलही कानालाच लावतात.
एतेरी ओरडते, समोर धरा!
समोर धरलं तर ऐकू कसं येणार, म्हणतात.

म्हणून माझ्याकडे त्यांचे
सत्तेचाळीस कान आहेत.
पाळीत रुतलेली खाणीतली मँगनीजची कणी
दर फोटोत जराशी मोठी,
की कानच वाळत चाललाय?

काल नुसतं छत दिसलं. एक माशी.
आणि चौकटीबाहेर कुठेतरी श्वास,
अडखळत.
तेही टिपलं.

आतल्या खोलीत म्हातारा जागा झाला,
मला हाक मारू लागला
त्याच्या मुलीच्या नावानं.