बोट

आधी त्याने विंडोज अठ्ठ्याण्णवची सीडी मागितली.
ती दत्तमंदिरापलीकडच्या ढिकल्यांकडे,
आणि ढिकले सहकुटुंब वणीला.
दोन दिवस पडद्यावर एकच चौकट:
सीडी घाला आणि ओके दाबा.

मग मोडेमचा ड्रायव्हर, फ्लॉपीवर बुरशी.
मग टीसीपी-आयपी. म्हणजे काय
ते आमच्या जेल रोडवर कुणालाच माहीत नव्हतं.
मी मान हलवायचे.

रात्री साडेदहानंतर पल्स स्वस्त.
हॉलमधून, फ्रिजमागून, दाराच्या फटीतून आणलेली वायर
सगळे पाय उचलून ओलांडायचे,
कुणी झोपलेलं ओलांडावं तसं.

कनेक्ट.
आकडे टुकटुक पडायचे,
मग किंचाळणं, खाकरणं,
फरशीवरून पत्रा ओढत नेणं.

आई नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होती.
गड्डी अंगठ्याखालून फरफर सोडताना
एखादी दुमडलेली असली
तर तिला आधी ऐकू यायची, मग दिसायची.
तीन रात्रींत तिने मोडेम पाठ केला.
मटकी निवडता निवडता बोट वर करायची: थांब.
'नाही लागणार. घशात अडकलंय त्याच्या.'
पडद्यावर सहाशे अठ्ठ्याहत्तर त्यानंतर उमटायचं.
किंवा नुसतं, 'लागला,'
आणि कोपऱ्यात दोन इवले कॉम्प्युटर
डोळे मिचकावू लागायचे.

लागल्यावर मी जाते कुठे,
हे तिने एकदाही विचारलं नाही.

फार लांब नाहीच जायचे.
एक फोटो वरून खाली उतरत असायचा,
कपाळ, भुवया, अर्धं नाक,
तेवढ्यात आतल्या खोलीत बाबा पॅरलल उचलून
'हॅलो? अहो, कोण कोकलतंय?'

परवा कॅनडा कॉर्नरला कानाच्या डॉक्टरांकडे
आई काचेच्या खोलीत बसली, हेडफोन लावून.
आवाज आला की बोट वर करा, आजी.
बोट वर. बोट वर.
मग बराच वेळ हात मांडीवरच.
कागदावरची रेघ उतरत गेली,
बटणं दाबणाऱ्या पोरीने माझ्याकडे बघायचं टाळलं,
फाइल ओढली, पेनाचं टोपण लावलं.

आणि आईने बोट वर केलं.

पोरगी मशीनकडे बघून म्हणाली,
'आत्ता तर मी काहीच वाजवलं नाही.'
काचेपलीकडे आईचे ओठ हलले.
थांब, किंवा लागला,
यातलं काहीतरी.
मला ऐकू आलं नाही.