ओळख, एकास पाच हजार

धुळ्याला मे महिन्यात पार्सल येतं तेव्हा
बर्फाच्या पिशव्या ताकासारख्या डुचमळत असतात.
सुपडूने खोका टेबलावर ठेवला, मान पुसली,
"काय शे यामा, ताई?"

यामा
करंगळीएवढी कुपी,
आणि तिच्या तळाशी
चुकून सांडलं तर पदराने टिपून घेऊ इतकंच पाणी.
लेबलवर: शेळी. माणसाच्या हॅप्टोग्लोबिनविरुद्ध.
बिल पाहून सुपडू म्हणाला,
"इतलामा ते चार बकऱ्या येतीन."

कुठली शेळी, कुठल्या मुलखातली, कागदावर नाही.
तिला माणसाच्या रक्तातला एकच रेणू टोचला,
महिन्याने पुन्हा टोचला, मग पुन्हा.
पाला टाकणारा माणूस तिला माहीत होता;
आतला माणूस असा सुईने कळला.
परका आहे, तिचं रक्त म्हणालं,
आणि परक्याचा कोपरान्‌कोपरा
पाठ करून बसलं.

ते "विरुद्ध" मला पटत नाही.
आबा लळिंगच्या डोंगराखाली शेळ्या राखायचे.
अंधार पडला की काट्यांच्या कुंपणाशी बसून
आत शिरणाऱ्या प्रत्येकीच्या कानावरून बोट फिरवायचे.
दुमडका कान, फाटका कान, एकीचा जन्मतः तोकडा.
ते काय विरुद्ध होतं?

दुपारी लाईट गेली. जनरेटर खोकत सुरू झाला.
शहाण्णव घरांची प्लेट मांडली.
एकास पाच हजार, इतक्या पातळ पाण्यातही ती ओळखते.
पहिल्या दोन घरांत माझंच रक्त, तुलनेला.
बाकी धडगावच्या शिबिरातल्या नळ्या, सिकलसेलच्या,
वळवी, पावरा, तडवी, पुन्हा पावरा.

निळं चढलं. आम्ल टाकताच पिवळं.
माझी घरं पिकल्या केळीच्या सालीसारखी,
पुढे फिकी, मग फारच फिकी,
आणि सी-सात नुसतं पाणी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं.
पाणी.

पेशी फुटून जे लाल सांडतं
ते हा रेणू उचलतो, यकृतापर्यंत नेतो
आणि नेता नेता स्वतःही संपतो.
इतकं सांडलं असेल
की उचलणारं कुणी उरलं नाही.
कुपीतली शेळी आत जाऊन फिरून आली,
कुणी भेटलं नाही तिला.

आबांना विचारलं, आज किती आल्या, तर सांगता यायचं नाही.
कोण आली नाही
ते मात्र बोटाला आधी कळायचं,
आणि ताट तसंच झाकून
ते कंदील घेऊन निघायचे.

सी-सात: जेमती पावरा, वय नऊ.
रजिस्टरात शून्य लिहायला हात झाला नाही.
"मोजता येण्याच्या खाली" लिहिलं
आणि धडगावच्या दवाखान्याचा नंबर लावला.
रिंग जात राहिली.
परत लावला.

सुपडू फ्रीजरचं दार धरून उभा,
पायांवर गार वाफ उतरतेय त्याच्या.
"ताई," हळूच म्हणाला,
"बकरीले मझार ठेऊ?"